तुम्ही विचारलंत म्हणून: ती शिकाऊ वयातली चित्रं कशाला मांडलीत?

अण्णांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन होऊन दोन वर्षं होत आली, तरी हा प्रश्न सुटत नाही. लग्नात भेटलेले लोक विचारतात, जुने विद्यार्थी फोनवर विचारतात, परवा साताऱ्यात राजवाड्यापाशी भाजी घेताना एका बाईंनी हात धरून विचारलं, "मॅडम, अण्णा एवढे मोठे चित्रकार. त्यांची शिकताना काढलेली चित्रं कशाला भिंतीवर लावलीत? त्यानं नाव खाली नाही का जात?"

भाजीवाल्यासमोर उभं राहून देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आज लिहिते.

अण्णा खटाव तालुक्यातले. पुढे मुंबईत राहिले, अमूर्त चित्रं काढली, नाव झालं. घरच्यांची इच्छा नाही म्हणून पूर्ण नाव देत नाही. साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मी अठ्ठावीस वर्षं हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या पुतणीनं माडीवरची एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली, आणि पुढची सहा वर्षं त्या पेटीत गेली.

पेटीत १९४० च्या आसपासचे कागद होते. कसरीनं कडा खाल्लेल्या, तपकिरी ठिपके पडलेले, काहींवर सेलोटेपचे पिवळे चट्टे. एका वहीत रविवर्म्याच्या चित्रातल्या बाईचा नुसता हात, पेन्सिलीनं, चार वेळा काढलेला. बाकी बाई नाहीच. औंधला तिथल्या संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, डोंगरावर संग्रहालय उभं केलं ते १९३८ साली. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे. खटावातल्या शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ रविवर्म्याचं मूळ तैलरंगातलं चित्र बघायला मिळावं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! घरोघरी छापील तसबिरी होत्या. पण रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे नुसता पुसून घेतलाय, हे छापील कागदावर दिसत नाही. चौथ्या हातात बांगडीवरची चकाकी कागद कोरा सोडून आणली आहे. आधीच्या तीनही हातांत ती खोडरबरानं काढलेली आहे.

पण मला खरं सांगायचंय ते एका कागदाबद्दल. साधारण फूटभर रुंद. एका बाजूला संगम माहुलीचा घाट, जलरंगात: काळ्या दगडाच्या पायऱ्या, विश्वेश्वराच्या देवळाची कड, आणि कृष्णा-वेण्णा मिळतात तिथलं सपाट पाणी. मागच्या बाजूला कोळशानं काढलेलं म्हाताऱ्या माणसाचं डोकं, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं ज्याला हेड स्टडी म्हणतात ते. युद्धाचे दिवस, कागदाची टंचाई. पाठकोरा कागद कोण फुकट घालवणार?

घाटाखाली देवनागरी सही आणि "१९४". पुढचा आकडा नाही. कधीतरी कुणा फ्रेमवाल्यानं तयार चौकटीत बसावा म्हणून कागदाची उजवी कड कापली, आणि त्या बोटभर पट्टीबरोबर साल गेलं. एवढं वाईट मला पेटीतल्या कुठल्याच नुकसानीचं वाटलं नाही. कसर काय, किडाच तो.

मग आम्ही कागदालाच विचारायचं ठरवलं. अण्णा जे.जे.त गेले १९४३ ला, हे दाखल्यावरून पक्कं. ते डोकं तिथल्या वर्गातलं; असाच मॉडेल त्यांच्या नाव-वर्ग लिहिलेल्या आणखी दोन कागदांवर आहे. प्रश्न असा की आधी काय काढलं, घाट की डोकं? उत्तर मिळालं तिरक्या उजेडात. खोलीतले दिवे बंद करून कागदाला समांतर बॅटरी धरली. जलरंगाच्या ओल्या वॉशनं, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरानं, कागद फुगून त्याला लाटा आलेल्या होत्या, आणि मागचा कोळसा त्या लाटांच्या उंचवट्यावर दाट बसलेला, खोलगट जागी पुसट. म्हणजे कोळसा फिरला तेव्हा कागद आधीच फुगलेला होता. घाट आधीचा. उजेडासमोर धरल्यावर कागदात व्हॉटमन या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हाचा ठसा दिसतो, त्यात १९३८ आहे. पण ते कागद बनल्याचं साल, चित्राचं नव्हे. साल चाळीसच्या दशकातलं आणि डोक्याच्या आधीचं, म्हणून चित्राजवळच्या पाटीवर आम्ही लिहिलं: "१९४० ते १९४३ च्या दरम्यान". एकच साल लिहा, असा आग्रह पुष्कळांनी केला. नाही लिहिलं. जे कागद सांगत नाही ते पाटीनं सांगू नये.

आता प्रश्नाकडे. चित्रं मांडायचं ठरल्यावर पहिल्या मांडणीत माझ्या हातून मोठी चूक झाली. मी प्रत्येक जुन्या चित्राशेजारी पुढच्या काळातल्या अमूर्त चित्राचं छापील चित्र लावलं. माहुलीच्या पाण्याशेजारी सत्तरच्या दशकातला करडा आडवा पट्टा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दहा-बारा जण बघायला आले, आणि सगळे एकच करत होते: बोट दाखवून जोड्या लावत होते. "हे बघा, इथेच बीज आहे!" पाण्याकडे कुणी पाहतच नव्हतं. रात्री अकरापर्यंत थांबून मी सगळी छापील चित्रं उतरवली.

हे बीज-वृक्षाचं प्रकरण आपण सगळ्याच चित्रकारांना लावतो. चित्रकार सय्यद हैदर रझांचं घ्या. शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितलेली, त्यामुळे पुढे त्यांच्या चित्रांची ओळख ठरलेला बिंदू लहानपणापासून होता असं लोक धरून चालतात. पण चाळीसच्या दशकात या माणसानं मुंबईचे रस्ते जलरंगात काढले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, आणि बिंदू त्यांच्या चित्रांत ठाण मांडून बसला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्या रस्त्यांत बिंदू शोधत बसलं तर रंगाचा ओलेपणा निसटतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची सुरुवातीची चित्रं तशीच. त्यांत माणसं आहेत, रेषा आहे, लघुचित्रांचा अभ्यास आहे. ती चित्रं काढणाऱ्या तरुणाला आपण पुढे काय होणार आहोत हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, आणि तीच आपली अडचण आहे.

म्हणून, बाई, नाव खाली जाईल का याचं माझं उत्तर हे: मी मोठ्या अण्णांचं बालपण मांडलं नाही. सोळा ते एकोणीस वर्षांच्या दरम्यानच्या एका मुलानं माहुलीला बसून पाणी कसं काढावं याच्याशी घेतलेली झटापट मांडली. डावीकडचं पाणी फसलंय, चिखल झालाय. उजवीकडे त्यानं एकाच वॉशमध्ये ब्रश उचलला आणि पुन्हा हात लावला नाही. तो मोह त्यानं कसा आवरला असेल, ते ज्यानं जलरंग हाताळलेत त्यालाच कळेल. ही गोष्ट त्याच्या पुढच्या कीर्तीवर टेकलेली नाही. तो पुढे तलाठी झाला असता तरी तो कागद तेवढाच खरा राहिला असता.

अण्णांना हे आवडलं असतं का, हा प्रश्न मात्र मला अजून झोपू देत नाही. "त्या जुन्या कागदांचं काय करायचं ते करा," असं ते पुतणीला म्हणाले होते. त्यात परवानगीही आहे आणि कंटाळाही. त्यांनी पेटी जाळली नाही, मुंबईला नेलीही नाही, गावी ठेवली. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला असेल, हे कबूल आहे.

तो कागद आम्ही दोन्ही बाजूंनी काच लावून हॉलच्या मधोमध उभा केला. उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) वर जाऊ दिला नाही, कारण उडालेला जलरंग परत येत नाही. अंधार आहे म्हणून कुरकूर झाली; पण डोळे सरावले की लोक थांबत. माहुलीच्या एक आजी घाटासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग वळसा घालून मागे गेल्या, म्हाताऱ्याचं डोकं पाहिलं, आणि पुतणीला म्हणाल्या, "हा कोण गं? घाटावर बसलेला म्हातारा का?" पुतणीनं सांगितलं, नाही आजी, हा मुंबईचा. आजी म्हणाल्या, "असू दे. बसलाय मात्र घाटाकडे पाठ करून."

अण्णांचे असे आणखी कागद वाई, कऱ्हाड, कोरेगावकडच्या घरांत असतील, अशी माझी खात्री आहे. मुंबईला जाताना त्यांनी मित्रांना बरेच वाटले होते. सापडले तर लॅमिनेशन करू नका. सेलोटेप ओढून काढू नका. मागची बाजू पाहा. आणि चौकटीत बसत नसेल तर चौकट मोठी करून घ्या, कड कापू नका.