आठव्या दशांशस्थळावर अडलेला हिशेब

पुढची प्रोग्रामिंग भाषा कोणती शिकायची, गो की रस्ट, यावरून आमच्या टीममध्ये दोन तट पडले होते. मी जावावाला. पोट जावावर भरत होतं, पण हाताशी आणखी एक भाषा असावी म्हणून मी रस्टकडे झुकलो होतो. गोची पहिली स्थिर आवृत्ती २०१२ ची, रस्टची २०१५ ची. दोन्ही तशा मुरलेल्या, तरी नोकरीच्या जाहिरातींत अजून 'नव्या' म्हणून मिरवणाऱ्या. रस्टचा बॉरो चेकर, म्हणजे मेमरीतला डेटा कोण कसा वापरतो ते तपासून चूक असेल तर कोड नाकारणारा भाग, रोज रात्री माझ्याशी भांडायचा आणि मला ते आवडायचंही.

अशातच कामावर पॅरलल रन सुरू झाला. मेनफ्रेमवरचं, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचं, व्याज आकारणीचं मॉड्यूल कोबॉल या जुन्या भाषेत होतं, ते जावात आणलं होतं. दोन्ही प्रोग्राम एकाच डेटावर चालवायचे, आउटपुट ताडून बघायचं आणि सगळं जुळलं की मगच जुनं बंद करायचं, असा बेत. त्या सकाळी मिसमॅच रिपोर्ट आला. बहुतेक खाती तंतोतंत जुळत होती. जी जुळत नव्हती त्यांत फरक किरकोळ, पण जावाचा आकडा दर वेळी मोठा.

पहिला संशय डबलवर, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या टाइपवर. ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्यात नेमकी ०.३ येत नाही, हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण आमच्या कोडमध्ये डबल नव्हताच, सगळीकडे बिगडेसिमल, म्हणजे दशांश अंक नेमके ठेवणारा जावाचा टाइप. मग संशय शेवटच्या राउंडिंगवर गेला. तेवढ्यात मी यादी शिल्लकेनुसार लावून पाहिली आणि चित्र बदललं: बिघडलेली जवळपास सगळी खाती मोठ्या शिल्लकेची. दोष शेवटच्या राउंडिंगचा असता तर लहान खाती सुटली नसती.

मेनफ्रेम टीममधल्या मॅडमकडे गेलो. मी प्रोसिजर डिव्हिजनची, म्हणजे कोबॉल प्रोग्राममधल्या लॉजिकच्या भागाची, प्रिंट पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

"लॉजिक नंतर बघ रे. आधी डबे केवढे आहेत ते बघ."

डबे म्हणजे डेटा डिव्हिजन, प्रोग्राममधला आकड्यांच्या जागा ठरवणारा भाग. कोबॉलमध्ये प्रत्येक आकड्याची जागा आधीच आखून द्यावी लागते. पिक एस९(७)व्ही९९ म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेली संख्या, दशांशचिन्हाआधी सात अंक, नंतर दोन. ते दशांशचिन्ह साठवलंच जात नाही, व्ही फक्त त्याची जागा सांगतो. पुढे कॉम्प-३ असेल तर एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उणे, म्हणून ही संख्या पाच बाइटांत मावते. हे ऐकताना मला थोडा मत्सरच वाटला. जावात एवढा काटेकोरपणा आम्ही स्वतःहून पाळला तर पाळला.

रोजच्या दराचा फील्ड होता पिक व्ही९(८). आठ दशांशस्थळं, बस्स. आणि त्यात उत्तर टाकणाऱ्या कम्प्यूट या गणिताच्या सूचनेत राउंडेड हा शब्द नव्हता. तो नसला की कोबॉल उरलेले अंक मुकाट्याने कापून टाकतो. आमची जावा मात्र तोच भागाकार बराच पुढे नेत होती.

कागदावर मांडलं. वार्षिक दर ८.५ टक्के. ०.०८५ भागिले ३६५ म्हणजे ०.०००२३२८७६७ आणि पुढे बरंच काही. कोबॉलने ठेवले ०.०००२३२८७. शिल्लक १,००,०००, दिवस ३०, तर कोबॉलचं व्याज ६९८.६१ आणि जावाचं ६९८.६३. शिल्लक १०,००० धरली तर दोन्हीकडे ६९.८६. लहान खाती का जुळत होती ते कळलं.

गणिताच्या हिशेबाने जावाचं उत्तर जास्त अचूक होतं. पण खातेदारांना आजवर कळवलेला आकडा कोबॉलचा, त्यामुळे दुरुस्ती उलट्या दिशेने झाली. रोजच्या दरावर सेटस्केल आठ, राउंडिंगमोड डाउन, म्हणजे आठ दशांशस्थळं ठेवायची आणि पुढचं कापायचं. एका ओळीचं काम. ती ओळ कुठे घालायची हे मात्र फक्त जावा जाणणाऱ्या आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर 'पुढची भाषा कोणती' हा प्रश्न मी वेगळ्या बाजूने विचारू लागलो. आमचं काम पैशांचं. सी शार्पमध्ये डेसिमल हा भाषेतलाच टाइप आहे, पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडमध्ये, त्यासाठी मॉड्यूल आहे. गो आणि रस्ट दोघांच्याही स्टँडर्ड लायब्ररीत असा दशांश टाइप नाही, बाहेरची लायब्ररी आणावी लागते. म्हणून त्या भाषा कमी ठरत नाहीत, पण आमच्या वादात हा मुद्दा कधी निघालाच नव्हता. आम्ही वेग आणि मागणी यांवरच भांडत होतो.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याला मी कोबॉलपासून सुरुवात कर असं सांगणार नाही. काम मुख्यतः बँका, विमा आणि सरकारी यंत्रणांत, आणि तेही बरंचसं देखभालीचं. पण ज्याचा एक पाय आधीच जावात आहे त्याने कोबॉल निदान वाचायला शिकावं. दोन्हीकडचं कळणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

रस्ट सोडलेलं नाही, फक्त मागे टाकलंय. सध्या मॅडमकडे बसतो. ओळीच्या सातव्या कॉलममध्ये तारका दिसली की ती ओळ कॉमेंट, बाहत्तराव्या कॉलमपुढे जे काही असेल ते कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, खिजगणतीत नाही, असले धडे चालू आहेत. पुढच्या मॉड्यूलची डेटा डिव्हिजन भाषांतराआधी वाचायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात जागोजागी रीडिफाइन्स आहे, म्हणजे मेमरीतली जागा एकच, पण तिची मांडणी दोन तऱ्हेची. जावात ते कसं उतरवायचं, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.