जागलीची ट्रॉली: अर्थिंग आणि बाँडिंगचं काम

ट्रॉलीच्या वायरिंगमधलं सगळ्यात वादाचं काम एकदाचं मार्गी लागलं. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वावरात जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर पत्र्याची केबिन उभी केली आहे. ज्यांच्या तुरीत रोही (नीलगायी) आणि रानडुकरं शिरतात त्यांना कारण सांगायला नको. छतावर ३३५ वॅटचे दोन पॅनल, आत १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट, आणि १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मरवाला साइन वेव्ह इन्व्हर्टर. दिवे, पंखा, लॅपटॉप, अधूनमधून ग्राइंडर एवढा लोड.

गावातल्या वायरमनचं मत सरळ होतं. "भाऊ, खुटी ठोकली का झाली अर्थिंग. एवढा काऊन इचार करता?" खुंटी ठोकलीच आहे, पण ती ठोकून संरक्षण मिळतं हे मला पटत नाही. मे अखेरीस आमच्या खुंटीचा रेझिस्टन्स ३२ ओम आला. २३० भागिले ३२ म्हणजे साधारण ७ अँपिअर. तेवढ्यावर १० अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) रात्रभर ढिम्म हलणार नाही. आणि हे ७ अँपिअरसुद्धा कधी, तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल त्या खुंटीला जोडलेला असेल तेव्हा. जोडलेला नसेल तर काहीच वाहणार नाही. करंटला जमिनीची ओढ नसते, तो जिथून निघाला तिथंच परत जायला बघतो. ट्रॉलीवर ती जागा म्हणजे इन्व्हर्टर. म्हणून ट्रॉलीच्या बॉडीपासून इन्व्हर्टरच्या न्यूट्रलपर्यंत जाड, खात्रीची वायर, म्हणजेच बाँडिंग, हे पहिलं काम. खुंटीचा नंबर दुसरा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर झिरोचा बल्ब पुरतो. जुना फिलामेंटचा झिरो बल्ब नावालाच झिरो, खातो १५ वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ६५ मिलीअँपिअर. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट यांत फरक पडला की वीज तोडणारा स्विच) पाडायला तेवढं भरपूर. बाँड करण्याआधी आरसीसीबीच्या पुढच्या फेजपासून बॉडीपर्यंत हा बल्ब लावला. बल्ब पेटला नाही, आरसीसीबीही पडली नाही. मग आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबलं, तर ती टपकन पडली! लोक इथेच फसतात. ते बटन आतल्या रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रलमध्येच थोडा करंट वळवतं, त्याला अर्थिंगशी काही घेणंदेणं नाही. बटन पास म्हणजे आरसीसीबीची यंत्रणा चालू, बस. फॉल्ट झाल्यावर करंटला परतीचा रस्ता आहे की नाही, हे ते सांगत नाही. पहिला फॉल्ट असाच गुपचूप बसून राहतो आणि दुसरा होतो तेव्हा माणूस मध्ये असतो.

मग बाँड केला. डीबीमध्ये, म्हणजे स्विचांच्या पेटीत, इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल आरसीसीबीत शिरण्याआधी अर्थ बारला (बॉडी आणि खुंटीच्या वायरी एकत्र येतात त्या पट्टीला) ४ स्क्वेअर एमएमच्या हिरव्या वायरनं जोडला. जागा महत्त्वाची. आरसीसीबीच्या पुढे जोडलात तर फॉल्टचा करंट न्यूट्रलमधून आरसीसीबीतूनच परतेल, तिला फरक दिसणार नाही आणि ती पडणारच नाही. बाँड एकाच ठिकाणी, दुसरीकडे कुठेही नाही. पुन्हा तोच बल्ब लावला, तो लुकलुकायच्या आत आरसीसीबी पडली. एमसीबीवर इथे भिस्त ठेवू नका. सी टाइपच्या १० अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला ५० ते १०० अँपिअर लागतात. एवढे या इन्व्हर्टरमधून निघत नाहीत, त्याआधी तो स्वतःच बंद होतो.

इन्व्हर्टरबद्दल एक ताकीद. बाँड करण्याआधी मल्टिमीटरनं फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी मोजलं तर दोन्हीकडे शंभराच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात. झिरोचा बल्ब लावल्यावर आकडा कोसळला तर ते भुताटकीचे व्होल्ट, आउटपुट तरंगतं आहे, म्हणजे बॉडीशी कुठेच जोडलेलं नाही. आकडा टिकला आणि बल्ब पेटला तर आउटपुटचा आत कशाशी तरी पक्का संबंध आहे. हलक्या वजनाच्या बिनट्रान्सफॉर्मरच्या काही मशीनमध्ये असं असतं, आणि तिथे न्यूट्रल बॉडीला जोडला तर मशीन जागीच जळतं. बल्बपेक्षाही मॅन्युअलचा शब्द वरचा. त्यात परवानगी नसेल तर हा बाँड करू नका.

डीसी बाजूला बॅटरीचा निगेटिव्ह १६ स्क्वेअर एमएमनं चॅसिसच्या चॅनेलला एकाच ठिकाणी जोडला, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीलगत १०० अँपिअरचा फ्यूज. पॉझिटिव्ह बॉडीला घासला तर फ्यूज उडला पाहिजे. गाड्यांमध्ये चॅसिस हाच परतीचा रस्ता असतो, तसं इथे केलेलं नाही. प्रत्येक लोडला निगेटिव्हची वेगळी वायर आहे. पॅनलचा निगेटिव्ह मात्र बॉडीला लावलेला नाही. काही स्वस्त चार्ज कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) आत पॅनलचा आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह एकच ठेवतात, तिथे पॅनलचा आणि बॅटरीचा निगेटिव्ह बाहेरून एक झाला की कंट्रोलरचं नियंत्रणच संपतं. पॅनलच्या फ्रेमला अ‍ॅनोडाइझचा थर असतो आणि तो करंट अडवतो, म्हणून दातेरी वॉशर आणि टिनचा मुलामा असलेले लग वापरले.

आता पत्रे. दार, खिडकीची चौकट, हुकाची दांडी, सगळं वेगवेगळं मोजलं. साध्या मल्टिमीटरवर अर्ध्या ओमच्या खाली विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब घेतला. आमच्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीचा निगेटिव्ह अर्थ बारला लावला, पॉझिटिव्ह बल्बमधून दाराच्या पत्र्याला. साधारण ५ अँपिअर वाहतात. मग अर्थ बार ते दार किती मिलीव्होल्ट पडतात ते बघायचं. ५० मिलीव्होल्ट म्हणजे १० मिलीओम. बिजागरीतून दाराला आकडा स्थिरच राहीना, दार हलवलं की व्होल्टभर उडी. बिजागरीवर रंग, ग्रीस आणि गंज, तिला बाँड म्हणायचं नाही. रंग घासून तांब्याची विणलेली पट्टी लावली, वरून व्हॅसलीन. आता ४० मिलीव्होल्ट, दार हलवा नाहीतर आपटा.

खुंटीकडे परत येऊ, कारण तिचं खरं काम बाहेरून वीज घेताना आहे. पावसाळी दिवसांत पॅनल भागवत नाहीत, तेव्हा विहिरीवरच्या पेटीतून केबल ओढून बॅटरी चार्जर लावतो. ग्रिडची वीज इन्व्हर्टरच्या इनपुटला द्यायचीच नाही असं ठरवलं आहे, नाहीतर आमचा न्यूट्रल बाँड आणि महावितरणचा न्यूट्रल एकत्र येऊन बसतील. पेटीतल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडण्याचा जुगाड आपल्याकडे सर्रास दिसतो. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल तुटला की त्या पिनवर आणि तिला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येऊन बसतो. म्हणून केबलची अर्थ वायर ट्रॉलीला जोडलेली नाही. चार्जरची बॉडी आमच्या खुंटीला, आणि केबल जिथून निघते त्या पेटीत आणखी एक ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. आता ३२ ओमची खुंटी वाईट आहे का? बॉडीवर ५० व्होल्टच्या वर काही राहू नये एवढीच अट धरली, तर ५० भागिले ०.०३ म्हणजे १६६६ ओमपर्यंत आरसीसीबी काम भागवते. म्हणून खुंटीचा रेझिस्टन्स उतरवायला कोळसा-मिठाचा खड्डा खणायच्या भानगडीत पडलो नाही. मात्र काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंटीपासून सुटते, हे डोक्यात ठेवावं लागतं. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तीच खुंटी अर्थ टेस्टरवर ११ ओम दाखवत होती. मोजमाप करायचं तर मे महिन्यातच करा. आमच्याकडे दीड हातावर मुरूम लागतो, म्हणून खुंटी धुऱ्याच्या सखल बाजूला ठोकली.

झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत जनावरांना हाकलणारे झटके सोडणाऱ्या यंत्राची) खुंटी यापासून निदान १० मीटर लांब हवी. एकच खुंटी दोघांना दिली तर दर सेकंदाचा झटका ट्रॉलीच्या पत्र्यावर येतो आणि अनवाणी उतरणाऱ्याला तो आधी कळतो. मशीनला बॅटरीही वेगळी, १२ व्होल्टची. कुंपणात थेट २३० व्होल्ट सोडणारे अजूनही आहेत. त्यात जनावरं मरतात, माणसंही मरतात आणि तो गुन्हा आहे, त्याबद्दल इथे कोणी विचारू नये.

राहिलेलं काम: पॅनलच्या वायरीवर डीसी एसपीडी, म्हणजे विजेमुळे वायरीत येणारा व्होल्टेजचा झटका अर्थकडे वळवणारं यंत्र. तो अर्थ बारला शक्य तितक्या आखूड वायरनं जोडायचा आहे, आणि सध्याच्या डीबीत जागा नाही, म्हणजे कंट्रोलर एका बाजूला सरकवावा लागणार. थेट पडणाऱ्या विजेपुढे एसपीडी आणि ही खुंटी दोन्ही निरुपयोगी. वीज पडण्याची सूचना देणाऱ्या दामिनी अ‍ॅपनं इशारा दिला की पॅनल आयसोलेटरवरून (तोडायच्या स्विचवरून) तोडायचे आणि घरी जायचं, रोही तुरीत शिरले तरी.