कमी बूस्टचा टर्बो आणि इंधनाचा हिशेब : माझा अनुभव

माझ्या १.६ लिटरच्या, मूळच्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला अवघ्या ०.४ बार बूस्टचा (वातावरणाहून जास्तीच्या दाबाचा) टर्बो, म्हणजे सिलिंडरांत जास्त हवा दाबून भरणारा पंखा, बसवायचे ठरले, तेव्हा ‘एवढ्याशा बूस्टला काही लागत नाही, मूळचा ईसीयू सांभाळून घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. (ईसीयू म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारा गाडीतला संगणक.) टर्बो, मॅनिफोल्ड, तेलाची नळी आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) यांचे काम खरोखरच सरळ निघाले. त्याबद्दल येथे फारसे लिहीत नाही. खरे काम होते ते वाढलेली हवा ईसीयूला दिसावी आणि तिच्या प्रमाणात इंधन मिळावे यासाठी. ते काम टर्बो बसवण्याच्या आधीच पुरे करायचे, असे मी ठरवले होते.

हिशेब असा होता. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला एकूण दाब १ बारवरून १.४ बारवर जाणार. पण दाबली गेलेली हवा तापते. ३० अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना ७५ अंशांच्या आसपास पोहोचते, त्यामुळे इंटरकूलर नसेल तर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचे वस्तुमान जेमतेम वीस टक्क्यांनी वाढते आणि चांगला इंटरकूलर असेल तर साधारण एक तृतीयांशाने. म्हणजे शंभर अश्वशक्तीचे इंजिन १३० च्या घरात जाणार. टर्बो इंजिनासाठी सावध अंदाज म्हणून दर अश्वशक्तीमागे ताशी २७० ग्रॅम पेट्रोल धरले, की ताशी सुमारे ३५ किलो इंधन लागते, आणि चार इंजेक्टरांत (इंधन फवारणाऱ्या झडपांत) वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला जवळजवळ २०० सीसी येतात. माझे मूळचे इंजेक्टर नेमके २०० सीसीचे होते. ते पूर्ण वेळ उघडे राहिले असते तेव्हा कुठे गरज भागली असती. ६००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात, आणि इंजेक्टरला त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त काळ उघडे ठेवू नये हा संकेत पाळण्यासारखा आहे. त्या हिशेबाने २५० सीसी पुरले असते. हाताशी थोडी जागा असावी म्हणून मी ३३० सीसीचे घेतले.

याला पर्याय म्हणून बूस्टबरोबर इंधनाचा दाब भराभर वाढवणारा रेग्युलेटर अनेकांनी सुचवला. पूर्वी हा उपाय सर्रास वापरला जाई, पण मला तो पटला नाही. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एक तृतीयांश जास्त इंधन हवे असेल तर ३ बारचा दाब सव्वापाच बारच्या वर न्यावा लागतो. आणि दाब चढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे इंधनाची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असते, त्याच क्षणी पंपावर सर्वांत जास्त ताण येतो.

साधा रेग्युलेटर मात्र नीट चालतो आहे याची खात्री मी दाबमापक लावून करून घेतली. त्याची मॅनिफोल्डकडे जाणारी व्हॅक्यूम नळी काढली की दाब बरोबर ३ बार दिसे, नळी लावून इंजिन आयडलला (उभ्या गाडीत मंद गतीने) ठेवले की २.४ बारच्या जवळ येई. इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला दाबाचा फरक कायम ३ बार राहावा यासाठीच ही नळी असते. बूस्टमध्ये रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब ३.४ बारपर्यंत चढायला हवा. ज्या गाड्यांत परतीची नळी नसते आणि रेलचा दाब स्थिर असतो, त्यांत ०.४ बार बूस्टला हा फरक २.६ बारवर येतो आणि प्रवाह सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. तो हिशेबात न धरता इंजेक्टर निवडणे धोक्याचे आहे.

पंपाचे आकडे कागदावर पुरेसे होते, पण चालू इंजिनावर बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर १२ च्या थोडेच वर मिळत होते. कमी व्होल्टेजला पंप मंदावतो. नवा पंप घेण्याआधी बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकून मी थेट पुरवठा दिला, आणि तेवढ्यावर प्रश्न मिटला.

ईसीयूचा निर्णय सर्वांत जास्त विचाराचा होता. मूळचा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर १.०५ बारच्या आसपास संपतो. त्यापुढचा बूस्ट ईसीयूच्या लेखी नसतोच. सेन्सरचे सिग्नल मध्येच बदलणारी पिगीबॅक पेटी स्वस्त पडते, परंतु मूळ ईसीयू हलक्या लोडला ऑक्सिजन सेन्सर पाहून मिश्रण दुरुस्त करत राहतो आणि ती दुरुस्ती लक्षात ठेवतो. ती पुढे पूर्ण थ्रॉटललाही लागू होत असेल, तर आपण केलेला बदल तो हळूहळू पुसून टाकतो. आज बरोबर दिसणारे मिश्रण काही आठवड्यांनी लीन (हवा जास्त, इंधन कमी) होणे मला परवडणारे नव्हते. म्हणून स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, २.५ बारचा प्रेशर सेन्सर आणि वाइडबँड लॅम्डा सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) घेतला.

हे सर्व टर्बोशिवायच बसवून गाडी चालवली, आणि या क्रमाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. मोठ्या इंजेक्टरांची खरी परीक्षा आयडलला होते. तिथे पल्स (इंजेक्टरला मिळणारा उघडण्याचा संकेत) दोन मिलिसेकंदांच्या आत येतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ इंजेक्टर उघडण्यातच जातो. हा उघडण्याचा वेळ व्होल्टेजनुसार बदलतो, ०.१ मिलिसेकंदाची चूकसुद्धा मिश्रणात दहा टक्क्यांचा फरक पाडते. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा एकदम लावून मी लॅम्डाच्या आकड्याकडे पाहत बसे. तो हलला की व्होल्टेजच्या तक्त्यात दुरुस्ती करायची, असे तो जागेवर स्थिर होईपर्यंत चालले. टर्बो लावल्यानंतर हेच करायला बसलो असतो, तर दोष इंजेक्टरचा, हवागळतीचा की तक्त्याचा, हे ओळखणे कठीण गेले असते.

टर्बो बसल्यावर ट्यूनिंग डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) झाले. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८० च्या आसपास ठेवला (१ म्हणजे नेमके प्रमाण, त्याहून कमी म्हणजे जास्त इंधन). टायमिंग (ठिणगीची वेळ) दर ०.०७ बार बूस्टला एक अंश मागे घ्यायचे, या जुन्या ठोकताळ्याने सुरुवात केली, म्हणजे ०.४ बारला साधारण सहा अंश. माझ्या इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण ९.५ आहे, त्यामुळे कमाल टॉर्कच्या पट्ट्यात नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याची) शक्यता सर्वांत जास्त होती. ट्यूनर कानाला हेडफोन लावून ब्लॉकवरच्या सेन्सरचा आवाज ऐकत होता. दोन-चार अश्वशक्तींसाठी शेवटचा अंश पुढे घेण्याचा मोह त्याने टाळला, ते मला पटले. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घेऊन गॅप ०.७ मिलिमीटर केला होता. प्रत्येक टप्प्यानंतर प्लग काढून भिंगाखाली पाहत होतो. पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके (पिस्टन वितळू लागल्याची खूण) दिसले असते, तर काम तिथेच थांबवायचे ठरले होते.

संरक्षणासाठी एकूण दाब १.६ बारच्या वर गेला की इंधन बंद, असे बंधन घातले आहे. वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी निसटली तर बूस्ट आवरायला दुसरे काहीच नसते, त्यामुळे हे बंधन ऐच्छिक मानू नये. रेलवर दाबाचा सेन्सरही जोडला आहे. बूस्टमध्ये दाबाचा फरक २.७ बारखाली आला की ईसीयू इंजिन कट करतो.

सर्वांत शेवटी उरले ते गरम इंजिनाचे पुन्हा सुरू होणे. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर हलवला होता. गाडी थोडा वेळ बंद ठेवली, की तो धातूच्या पाइपाच्या उष्णतेने तापून ६० अंश दाखवी, ईसीयू हवा विरळ समजून इंधन कमी करी आणि आयडल अडखळे. सेन्सर सिलिकॉनच्या तुकड्यात बसवला आणि हवेचा प्रवाह कमी असताना तापमानाच्या दुरुस्तीचा भार घटवला. बूस्टमधली दुरुस्ती तशीच पूर्ण ठेवली आहे, आणि आत येणारी हवा ५० अंशांच्या पुढे गेली की टायमिंग आपोआप मागे येते.