आमची वाटचाल : आधी घोड्याची पाठ, मग खोगीर

आमचं घर जीनगरांचं, म्हणजे खोगीर-साज करणाऱ्यांचं. आजोबा पुण्यात टांग्याचा साज करायचे. टांगे गेले तसं वडिलांनी दप्तरं आणि कमरेचे पट्टे शिवून घर चालवलं. मी पुन्हा खोगिराच्या कामाला हात घातला तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी समजावून पाहिलं. आज आमच्याकडे खोगीर, तंग (पोटाखालचा पट्टा), पेशबंद (छातीवरचा पट्टा), दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) सगळं तयार होतं आणि पाठ मोजल्याशिवाय एकही खोगीर बाहेर पडत नाही. या एका हट्टावर आमचं नाव झालं, आणि त्याच हट्टापायी एकदा कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली होती.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "१७ इंची द्या." ते १७ इंच स्वाराच्या बैठकीचे. घोड्याला त्याच्याशी काय देणंघेणं? घोड्याला बघायची ती ट्रीच्या, म्हणजे खोगिराच्या आतल्या सांगाड्याच्या, पुढच्या कमानीची रुंदी, पॅनेलचा, म्हणजे खालच्या गादीचा, उतार आणि मणक्यावरची मधली मोकळी पन्हळ. रेसमधून उतरलेल्या थरोब्रेडचा विदर, म्हणजे मानेच्या बुडाशी खांद्यांवरचा उंचवटा, उंच आणि अरुंद असतो, माथेरानचं तट्टू पिंपासारखं गोल. दोघांना एकच खोगीर घातलं तर एकाच्या विदरावर कमान टेकते आणि दुसऱ्याच्या पाठीवर खोगीर फिरतं.

माप घ्यायला आमच्याकडे शिशाची पट्टी आहे, वडिलांच्या वेळची. खांद्याच्या फऱ्यामागे ती पाठीवर दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि पुठ्ठ्यावर रेघ मारायची. एक रेघ विदराशी, एक मध्ये, एक शेवटच्या बरगडीच्या अलीकडे. पुठ्ठा कापून त्यावर घोड्याचं नाव आणि तारीख घालायची. कारखान्याची एक अख्खी भिंत अशा पुठ्ठ्यांनी भरली आहे. ट्री कानपूरहून येते. ब्रिटिशांनी फौजेसाठी तिथे साज-खोगिराचा कारखाना काढला, तेव्हापासून तो धंदा तिथे मुरलाय. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाचं कातडं मिळेनासं झालं, तेव्हापासून आम्ही म्हशीचं वापरतो. रापी, आरी, दाभण आणि मेणदोरा मात्र तेच. ताण येणारी प्रत्येक शिवण दोन सुयांनी, हाताने. त्यात एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनची शिवण एकदा सुटली की उसवतच जाते.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक माथेरानचे एक घोडेवाले. सगळे त्यांना मामू म्हणतात, आम्हीही. माथेरानात गाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्यापासून पुढे बरीच माणसं पायी जातात नाहीतर घोड्यावर. लाल मातीचा चढ-उतार, आणि पाठीवर दर फेरीला नवा माणूस, त्यातही तोल न सांभाळणारा. चढाला खोगीर मागे सरकतं, उताराला खांद्यावर येतं. मामूंच्या एका घोडीची पाठ वारंवार लागायची. मी तिला न्याहाळत बसलो होतो. फेरीनंतर खोगीर उतरवलं तर घामाने भिजलेल्या पाठीवर विदराच्या दोन्ही बाजूंना कोरडे ठिपके. जिथे दाब अती, तिथे घाम फुटत नाही. तिच्यासाठी रुंद ट्री, लोकर भरलेलं पॅनेल आणि दुमची असं खोगीर केलं. जखमा भरल्या. तिथे पांढरे केस आले ते कायमचे, पण घोडी तंग आवळताना चावायची थांबली.

२०१९ साली एका रायडिंग स्कूलची ऑर्डर आमच्याकडे येणार हे ठरल्यातच जमा होतं. कातडं, ट्री उधारीवर आणून ठेवल्या. त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने नमुना म्हणून आमची दोन खोगिरं नेली, पैसे नंतर देतो म्हणाला. आमचाच नमुना दाखवून त्याने ती ऑर्डर उचलली, आणि दिली काय तर फोम भरलेली तयार खोगिरं, सगळी एकाच रुंदीची. वर गावभर सांगत सुटला की पाठ मोजणं हे आमचं भाव वाढवायचं निमित्त आहे. ज्यांच्या घोड्यांच्या पाठी आम्ही बऱ्या केल्या, त्यातलेही काही त्याच्याकडे गेले. ते मला अजून लागतं.

पाठोपाठ मार्च २०२० आला. माथेरान बंद, रेस बंद. बायकोचे दागिने गहाण पडले. एक कारागीर गावी गेला तो परतलाच नाही. पर्यटन सुरू झाल्यावर पहिला फोन मामूंचा. "सामान घेऊन वर ये." दस्तुरी नाक्यावर त्यांनी शेजाऱ्यांचे घोडे ओळीने उभे करून ठेवले होते. दिवसभर मापं घेतली. त्या कामावर कारखाना पुन्हा उभा राहिला.

पुढे त्या रायडिंग स्कूलमधून बोलावणं आलं. घोड्यांच्या पाठी लागल्या होत्या, खोगिरं दुरुस्त करून हवी होती. लोकर कमी-जास्त करता येते, फोमचं काय करणार? मी स्पष्ट नाही म्हटलं. नंतर त्यांनी प्रत्येक घोडा मोजून नवी करून घेतली. व्यापाऱ्याकडून त्या दोन खोगिरांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

नवीन घोडा घेणाऱ्यांना सांगतो. खोगीर आधी उघड्या पाठीवर ठेवून बघा, खाली जाड नमदा (दाबलेल्या लोकरीची गादी) घालून नव्हे. विदरावर दोन-तीन बोटं जागा हवी, स्वार बसल्यावरसुद्धा. मागून वाकून पाहिलं तर पन्हळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. तळहात पॅनेलखालून पुढून मागे फिरवा. मध्ये पोकळी लागली तर सगळा भार चार टोकांवर पडतोय. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. पाच वर्षांच्या आतला घोडा अजून भरत असतो, त्याचं खोगीर दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेतलात तर खोगीर तिथेच घ्यायची घाई करू नका. घोडा घरी येऊ द्या, अंग धरू द्या, मग बोलवा. आम्ही येऊ तेव्हा पाठ धुऊन कोरडी ठेवा आणि घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ असा उभा करा. उतारावर घेतलेलं माप आम्ही धरत नाही.