घर सोडायच्या आधी घरातच केलेली रंगीत तालीम (माझा अनुभव)

बारावीची परीक्षा संपली, पुढचं शिक्षण दुसऱ्या शहरात हे ठरलं आणि मग घरी जो येईल तो एकच सल्ला देऊन जायचा, स्वयंपाक शिकून घे रे बाबा. शिकलो पण. पण आता बऱ्यापैकी एकटं राहून झाल्यावर सांगतो, स्वयंपाक, कपडे, झाडलोट ही सोपी बाजू आहे, हात बसला की जमतं. अवघड आहे ते लक्षात ठेवणं. घरात काय संपत आलंय, कुठलं बिल कधी भरायचंय, कुठला कागद कुठल्या फाइलमध्ये आहे हे सगळं कोणीतरी एक माणूस डोक्यात घेऊन फिरत असतो आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. आमच्या घरी ती आई. म्हणून मी तयारी सुरू केली ती तिच्यापासूनच.

तिला म्हटलं, आई तू एक काम कर, कोणी न सांगता जे जे तुझ्या डोक्यात येतं ते थोडे दिवस मला मेसेज करत जा. ती हसायलाच लागली, "अरे असं मुद्दाम थोडंच आठवावं लागतं, ते येतंच." पण मेसेज यायला लागले आणि मी गार पडलो. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चार दिवसांच्याच उरल्यात. पाण्याचा फिल्टर बदलायला झालाय. इन्शुरन्सचा हप्ता या महिन्यात. तुझ्या चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नाहीये. फ्रीजमधली कालची भाजी आजच संपवायला हवी. आणि हे तिचं ऑफिस सांभाळून चाललेलं, बाजूला!

मग असं ठरवलं की घर सुटेपर्यंतचा जो काळ आहे त्यात घरातच भाडेकरूसारखं राहायचं. माझ्यापुरतं जे काही आहे ते मी बघणार आणि मुख्य अट ही की मला कोणी आठवण करून द्यायची नाही. आईला हे फार जड गेलं, तोंडावर आलेलं वाक्य ती गिळायची ते दिसायचं. बाबा म्हणाले "बघू किती दिवस टिकतंय." टिकलं. घरात असताना हे करायचा फायदा एवढाच की काही अडलं तर विचारायला माणूस शेजारच्या खोलीत असतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर फोन नंबर आणि ईमेलमध्ये, आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. लहानपणापासूनची माझी सगळी खाती बाबांच्या मोबाइल नंबरवर उघडलेली. बँक, दवाखाना, तिकिटं, सगळ्याचा ओटीपी त्यांच्या फोनवर. एका घरात राहतोय तोवर ठीक आहे, ओरडून विचारलं की झालं. पण उद्या मी दुसऱ्या शहरात काउंटरसमोर उभा आणि बाबा मीटिंगमध्ये फोन सायलेंट करून बसलेले, तर माझंच खातं मला उघडणार नाही. दुसरं म्हणजे शाळा कॉलेजने दिलेला ईमेल. तो तिथलं शिक्षण संपलं की आज ना उद्या बंद होतो, आणि त्यावर आपण किती ठिकाणी लॉगिन केलेलं असतं ते आपल्यालाच माहीत नसतं. मी त्या इनबॉक्समध्ये "पासवर्ड", "वेलकम", "व्हेरिफाय" असे शब्द शोधून एकेक खातं बाहेर काढलं, सगळीकडे स्वतःचा नंबर आणि स्वतःचा कायमचा ईमेल टाकला, ज्या फाइल लागणार त्या उतरवून घेतल्या. ईमेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) लावलं आणि त्याचे जे बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवले, कारण फोन हरवला तर फोनमध्ये ठेवलेल्या कोडचा उपयोग काय. मुख्य ईमेलचा पासवर्ड बाकी कुठेही वापरायचा नाही, ते एक खातं गेलं की त्यातून बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात.

कागदपत्रांचं त्या मानाने लवकर उरकलं. मूळ प्रती एका फाइलमध्ये, स्कॅन क्लाउडवर आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर.

तब्येतीचं मात्र आईला समोर बसवून विचारून घेतलं. डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं आजवर तीच द्यायची ना. रक्तगट कोणता, कशाची अॅलर्जी आहे, लहानपणी काय काय झालं होतं, धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी (मोठ्यांना साधारण 10 वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो हेही मला तेव्हाच कळलं), घरात डायबेटिस किंवा हार्टचा त्रास कोणाकोणाला. एक पान भरलं. औषधांत एकच गोष्ट पक्की डोक्यात बसवली, पॅरासिटामॉल. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी असं आपण समजतो पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉलच असतं, नाव फक्त वेगळं. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या, त्यावर गेलं की लिव्हरला धोका. त्यामुळे पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, त्यामुळे साध्या सर्दीला मित्राकडची उरलेली स्ट्रिप घ्यायची नाही.

डॉक्टरची अपॉइंटमेंट स्वतः फोन करून घेणं हा प्रकार मला खरंतर जास्त जड गेला. आमच्या पिढीला मेसेज जमतो, फोन नको वाटतो. मी पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवायचो, कोण बोलतोय, काय हवंय, कधी जमेल. हसू नका, कामाला येतं.

पैशांबद्दल. दर महिन्याला हातात येणाऱ्या रकमेतून आधी भाडं, बिलं, प्रवास बाजूला, मग थोडी रक्कम अडीअडचणीसाठी, आणि उरेल तो खर्च. लोक उलटं करतात, खर्च करून उरेल ते साठवतात, आणि उरत काहीच नाही. पण खरा डोळे उघडणारा हिशोब बाबांनी दाखवला. म्हणाले, "समज क्रेडिट कार्डवर महिन्याला 3 टक्के व्याज आहे, तर वर्षाला किती?" मी म्हटलं 36. "कर बरं गुणाकार." केला, चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर जातं. मग त्यांनी 72 चा नियम सांगितला, 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती काळ लागेल ते कळतं, म्हणजे महिना 3 टक्क्यांनी 24 महिन्यांत उधारी डबल. आणि तोच नियम वर्षाला 6 टक्के देणाऱ्या बचतीला लावला तर दुप्पट व्हायला 12 वर्षं! शाळेत चक्रवाढ व्याजाची ढीगभर गणितं सोडवली होती पण त्यात आपण कधी कर्जदार नसायचोच.

विजेच्या बिलाचंही तेव्हाच समजून घेतलं. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं उपकरण तासभर. 2000 वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो आणि 10 वॅटचा एलईडी बल्ब त्याच एका युनिटमध्ये 100 तास जळतो. लाइट बंद कर म्हणून घरात जी भांडणं होतात ती खरं म्हणजे गीझरवरून व्हायला हवीत.

घरकामातल्या दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि पुन्हा गरम करताना वाफ येईपर्यंत करायचं, कोमट नाही. दुसरं, ब्लीच आणि अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र ओतायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो, छोट्या बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. बाकी इस्त्री मला अजूनही येत नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

मग खोली. भाड्याचा करार बाबा आणि मी दोघांनी बसून वाचला, शब्द न् शब्द. डिपॉझिट कधी परत मिळणार, त्यातून काय काय कापू शकतात, नोटीस किती महिन्यांची, लॉक इन (ठरावीक महिने खोली सोडता येणार नाही अशी अट) आहे का, दुरुस्तीचा खर्च कोणाचा. तोंडी कबूल केलेलं सगळं करारात लिहून घ्या किंवा निदान मेसेजवर तरी हो म्हणून घ्या. राहायला गेलो त्या दिवशी सामान उघडायच्या आधी सगळ्या भिंती, नळ, खिडक्या आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढले आणि घरमालकांना पाठवून दिले, "काका, आज ताबा घेतला, ही आजची स्थिती." त्यांनी अंगठा पाठवला. तारखेसकट नोंद झाली, कोणाशी वाईटपणा नाही.

आम्ही तिघं राहतो. सुरुवातीला बाकीच्या दोघांनी कामांचा तक्ता करायचं म्हटलं, आज भांडी याची, उद्या त्याची. मी म्हटलं असं नको, खाती वाटून घेऊ. कचरा ज्याच्याकडे, त्याच्याकडे पिशव्या संपत आल्यात का, गाडी कधी येते, सुट्टीच्या दिवशी काय करायचं हे सगळंच. बिलं ज्याच्याकडे त्याने तारीख लक्षात ठेवायची, भरायचं आणि वाटणी कळवायची, दुसऱ्याने "भरलं का रे" विचारायची वेळ येता कामा नये. कारण नुसती कामं वाटली तर करणारे तिघं असतात पण आठवण ठेवणारा पुन्हा एकच होतो, आणि तो वैतागतो. एक जण आधी कुरकुरला, मला सांगा ना काय करायचं ते, मी करतो. त्यालाच किराणा दिला. आता तो दुकानातून फोन करून विचारत नाही, यादी त्याच्याच डोक्यात असते, आणि मीठ संपलं तर आम्ही दोघं फक्त त्याच्याकडे बघतो.