थुरामचे दोन गोल आणि उरलेले १४१ सामने

८ जुलै १९९८ रोजी साँ-देनी येथे झालेल्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रेंच बचावपटू लिलियान थुरामने क्रोएशियाविरुद्ध दोन गोल केले आणि यजमान फ्रान्स २-१ असा जिंकून अंतिम सामन्यात पोहोचला. देशासाठी खेळलेल्या १४२ सामन्यांत त्याचे एवढे दोनच गोल. त्यामुळे त्याचे नाव निघाले की चर्चा त्या संध्याकाळपाशीच अडते. त्याच सामन्यात उत्तरार्ध सुरू होताच दावोर शुकेरने क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली, तेव्हा इतर बचावपटूंच्या मागे राहिलेल्या थुराममुळेच शुकेर ऑफसाइड (बचावफळीच्या पुढे असल्यामुळे नियमबाह्य) ठरला नव्हता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. पुढच्याच मिनिटाला थुरामने क्रोएशियाच्या गोलक्षेत्रालगत त्यांच्या बोबानच्या पायातून चेंडू काढून घेतला, सहकारी जोर्काएफकडे देऊन तो परत मिळवला आणि बरोबरी साधली. हा गोल माझ्या मते अस्सल बचावपटूचाच होता. डाव्या पायाने लांबून मारलेला दुसरा गोल अधिक देखणा असेल, पण त्यात नशिबाचाही वाटा होता.

ग्वादलुपमध्ये १९७२ साली जन्मलेला थुराम लहानपणीच पॅरिसजवळ राहायला आला आणि मोनाको क्लबात प्रशिक्षक आर्सेन वेंगरच्या हाताखाली व्यावसायिक खेळाडू झाला. त्याची खरी जडणघडण मात्र १९९६ नंतर इटलीत, पार्मा संघात झाली, असे मला वाटते. मागे गोलरक्षक बुफाँ आणि शेजारी फाबियो कानावारो असलेल्या त्या बचावफळीत त्याला त्याच्या आवडीची मध्यभागाची जागा मिळाली. फ्रान्सच्या संघात लोराँ ब्लाँ आणि देसाई हे बचावपटू मध्यभागी असल्यामुळे त्याला उजव्या बाजूला खेळावे लागे. १९९९ मध्ये पार्माने मॉस्कोत यूएफा चषक या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मार्सेल या फ्रेंच क्लबला ३-० असे हरवले आणि मार्सेलच्या बचावात होता तोच लोराँ ब्लाँ.

२००१ मध्ये थुराम आणि बुफाँ दोघेही युव्हेंटस या इटालियन क्लबमध्ये गेले. तिथे दोन लीग विजेतेपदे पदरी पडली. पुढची दोन मात्र सामन्यांसाठी पंच नेमण्यातील गैरप्रकारांमुळे क्लबकडून काढून घेण्यात आली आणि क्लबची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाल्यावर थुराम बार्सिलोनाला गेला.

त्याच २००६ च्या उन्हाळ्यात, माझ्या दृष्टीने, त्याने कारकिर्दीतील सर्वोत्तम खेळ केला. युरो २००४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेनंतर राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला थुराम झिदान आणि माकेलेले यांच्यासोबत २००५ मध्ये परतला होता आणि चौतिसाव्या वर्षी विल्यम गालाससह अखेर मध्यभागी उभा होता. त्या विश्वचषकात फ्रान्सने सात सामन्यांत फक्त तीन गोल स्वीकारले. ब्राझील आणि पोर्तुगाल यांना तर एकही गोल करता आला नाही. अंतिम सामना पेनल्टी शूटआऊटमध्ये गेला आणि विश्वचषक इटलीने, म्हणजेच कर्णधार कानावारो आणि गोलरक्षक बुफाँ या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांच्या संघाने, जिंकला.

२००८ मध्ये पॅरिस साँ-जर्मेनकडून खेळण्याच्या तयारीत असताना वैद्यकीय तपासणीत हृदयातील दोष आढळला आणि त्याने खेळ सोडला. त्याचा १४२ सामन्यांचा फ्रेंच विक्रम पुढे चौदा वर्षे टिकला. २०२२ च्या विश्वचषकात तो मोडला गोलरक्षक ह्यूगो लोरिसने.