आमची वाटचाल : आधी दुरुस्ती, मग विक्री

जळगावातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'गिझर दुरुस्ती' मोठ्या अक्षरात आहे आणि 'विक्री' खाली बारीक. पाटी रंगवणाऱ्याने हे उलटं करा म्हणून बराच आग्रह धरला होता. मी ऐकलं नाही. पुढे दुकानाला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हाही पाटीला हात लावला नाही.

1994 साली आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी आयटीआय झालेला वायरमन, भागीदार तांबटाच्या घरातला. खान्देशात तोवर घरोघरी तांब्याचा बंब असायचा आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पाणी तापायचं. गॅस आला, फ्लॅट आले, पऱ्हाट्या ठेवायला अंगण उरलं नाही. भागीदाराच्या घरी बंब घडवणारे हात रिकामे बसले. पण त्या काळी चांगल्या गिझरची टाकीही तांब्याचीच असे. टाकी गळाली की तो जोड चकाकेपर्यंत घासायचा, सुहागा लावायचा आणि ज्योत फिरवत झाळेची कांडी अशी उतरवायचा की जोड शोधावा लागे. मग हातपंपाने प्रेशर देऊन टाकी रात्रभर ठेवायची. सकाळी काटा जागचा हलला नसेल तरच ती भिंतीवर चढायची. वीज माझी, तांबं त्याचं, अशी वाटणी होती.

माझ्या पिशवीत तेव्हा सिरीजचा दिवा (तार आतून तुटली नाही ना ते बघायला), पाईप पाना, फ्लँजचा म्हणजे टाकीच्या झाकणाचा बॉक्स पाना आणि एक मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. मेगर मी दुकानाच्या भाड्याआधी घेतला, आणि आजही सांगतो, मेगर नसलेल्या माणसाला गिझरला हात लावू देऊ नका. एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीला, नुसता दिवा लागला म्हणजे ते ठीक आहे असं होत नाही. त्याचं इन्सुलेशन उतरलेलं असेल, तर पाणी तापतं आणि करंट अंगातही येतो.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक भुसावळचं. रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वाफेच्या इंजिनावर सुरुवात केलेले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांच्याकडे 25 लिटरचा उभा गिझर, तांब्याच्या टाकीचा, आणि पाणी बोअरचं. दिवाळीआधी बोलावणार म्हणजे बोलावणार. फ्लँज उघडली की स्वतः वाकून बघायचे, "काय भो, यंदा किती पापुद्रे?" क्षार बसणं म्हणजे काय ते त्यांना समजावावं लागलं नाही, बॉयलरच्या नळ्यांवर त्यांनी ते आयुष्यभर पाहिलं होतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर धरतो. साठ अंशांच्या वर तापवलं तर फार भरभर धरतो. मग आतली उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत तापून फुटतं. त्याआधी गिझर केटलीसारखा आवाज करतो. तो आवाज आला की लगेच बोलवा, आणि नॉब पंचावन्नवर ठेवा. अंघोळीला तेवढं पुरतं.

पुढे काचेचा लेप दिलेल्या लोखंडी टाक्या आल्या. त्यांना झाळ चालत नाही, ज्योतीने लेपच तडकतो. अशी टाकी गळाली तर आम्ही सरळ सांगतो, गिझर बदला. पण ती गळू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीच्या वाटचा गंज तो अंगावर घेतो आणि झिजतो. बोअरच्या पाण्यावर दर वर्षा-दोन वर्षांनी तो काढून बघायला हवा. विकणारा हे सांगत नाही, कारण रॉड स्वस्त आहे आणि गिझर महाग.

हे मी रागाने लिहितो आहे, आणि राग खरा आहे. मुख्य रस्त्यावर एक शोरूम उघडली. 'जुना द्या, नवा घ्या.' त्यांचा माणूस घरी जायचा, एलिमेंट गेलेलं असलं तरी "टाकी गेली" म्हणायचा आणि तांब्याची धडधाकट टाकी मोडीच्या भावात उचलायचा. आमची किती गिऱ्हाइकं अशी गेली. तरी तोवर आम्ही गप्प होतो.

मग एका सोसायटीत गिझर फुटला. घरात माणूस नव्हतं म्हणून निभावलं, बाथरूमचं दार मात्र चौकटीसकट निघालं. गिझर मूळचा आम्ही बसवलेला, त्यामुळे गावभर झालं की आमच्या हातचा गिझर फुटला. सोसायटीच्या लोकांसमोर मी तो उघडला. जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड एम-सीलने बुजवलेलं. पाणी फार तापलं तर वीज तोडणाऱ्या थर्मल कटआउटला तार मारून डायरेक्ट केलेलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेले, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज बंदच होईना. आमच्यानंतर त्या गिझरला शोरूमच्या फिटरने हात लावला होता आणि "व्हॉल्व्ह गळतो" म्हणून तोंड बंद केलं होतं.

व्हॉल्व्ह गळत नाही, तो त्याचं काम करतो. पाणी वीस अंशांवरून सत्तरवर गेलं की दोन टक्के फुगतं. 25 लिटरला हे अर्धा लिटर झालं. पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते मागे नळात जाऊ देत नाही, मग ते ठिबकूनच बाहेर पडणार. त्याला नळी लावा, बादली ठेवा, बुजवू मात्र नका. गिझर तापत नसतानाही धार लागली, तरच व्हॉल्व्ह बदलायचा.

तो हिवाळा, म्हणजे आमचा ऐन हंगाम, रिकामा गेला. एका हॉस्टेलचं वार्षिक काम सुटलं, हाताखालची पोरं दुसरीकडे गेली. भागीदाराने घरात विकायचे राहिलेले बंब मोडीत घालून दुकानाचं भाडं भरलं. मला आधी सांगितलंसुद्धा नाही. आणि नाना भुसावळहून पॅसेंजरने येऊन दुकानात बसायचे. येईल त्याला तो बुजवलेला व्हॉल्व्ह हातात देऊन दाखवायचे, "बॉयलरचा असा व्हॉल्व्ह कुणी बांधला असता, तर मी आज इथं बसलो असतो का?" आमच्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन होतं. हॉस्टेलवाले उन्हाळ्यात परत आले.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली. भारनियमनाच्या काळात थोडी ओढाताण झाली इतकंच. आता माझा मुलगा काम बघतो. त्याने एक नियम वाढवला आहे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर तो गिझर चालू करून देत नाही. 2000 वॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. तो मोबाईलच्या सॉकेटवर लावू नका, सोळा अँपिअरचाच घ्या.

त्या सोसायटीतले बरेच गिझर आज पुन्हा आमच्याकडेच दुरुस्तीला येतात. तेव्हा मी अध्यक्षांना एवढंच म्हणालो होतो, दादा, गिझर उघडल्यावर जे सगळ्यांनी पाहिलं ते लेटरहेडवर लिहून द्या. कमिटीत विषय घेतो म्हणाले. नंतर अध्यक्ष बदलले, कमिट्या बदलल्या. पत्र आलेलं नाही, आणि मी मागणं सोडलेलं नाही.